बोटीत केळं नको

पाइन हॉलो, टेनेसी
जूनचा पहिला सोमवार

तीर्थस्वरूप इमोजीनताईस,

धाकट्या डेल्मरचा नमस्कार. तिकडे ॲरिझोनात तुझे गुडघे कसे आहेत? कोरड्या हवेने गुडघ्यांना आराम पडतो असं तू इथून जाताना म्हणाली होतीस आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण गेल्या काही पत्रांत गुडघ्यांचा उल्लेखच नाही, तेव्हा एकतर ते बरे झाले असावेत किंवा हवेचं आणि त्यांचं जमलेलं नसावं. दारातल्या निवडुंगाला फूल आल्याचं वाचून आनंद झाला. इकडे सगळं ठीक. आमच्या हिची, लोरीनची कंबर अधूनमधून धरते. तोंडाला मात्र देवकृपेने कधी काही होत नाही. माझी रक्तातली साखर डॉक्टरांच्या मते ताब्यात आहे. (मध्यंतरी एका शनिवारी ती अशी काही चढली, की लोरीनने साखर मोजायचं यंत्रच बिघडलं म्हणून दुकानात जाऊन बदलून आणलं. मीही म्हटलं, हल्ली यंत्रांचा भरवसा राहिलेला नाही.)

सायकमोरच्या तळ्यावर यंदा काय झालं ते तुला कळवावं म्हणून हे पत्र. तू विचारलेलं नाहीस हे मला माहीत आहे. पण इथून तुला फोन करणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष होडीत बसलेल्या माणसाकडून ऐकलेलं बरं. मला यात कुणाची बाजू घ्यायची नाही. मी मागच्या फळीवर बसलो होतो, आणि मागच्या फळीवरच्या माणसाला सगळ्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात.

अग्निशमन दलाची बास मासे पकडायची स्पर्धा तुला आठवत असेलच. दोघांची जोडी, एक होडी, पाच मासे, आणि तेही जिवंत. दिवसभर त्यांना होडीतल्या टाकीत पाणी खेळवून जपायचं, दुपारी वजन करून घ्यायचं, आणि पुन्हा तळ्यात सोडून द्यायचं. (लोरीन म्हणते, मग काढता कशाला? याला सव्वीस वर्षांत मला उत्तर सुचलेलं नाही.) ही सगळी सव्वीस वर्षं माझा जोडीदार वेल्डन क्रॅडक. तू त्याला 'तो फ्रिजमध्ये गांडुळं ठेवणारा' म्हणतेस तोच. आमचा आजवरचा उच्चांक सातवा नंबर. ज्या वर्षी गारा पडून निम्मे लोक घरी गेले, त्या वर्षीचा.

आता वेल्डनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तू जाऊन बरीच वर्षं झाली आणि माणसं आपल्या नकळत काहीबाही करत असतात. फ्लॉइड गेला आणि आपली बहीण एकटी पडली, तेव्हापासून अर्डिथच्या अंगणातलं गवत वेल्डन कापतो. दर गुरुवारी. गवत वाढलेलं असो वा नसो. गेल्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, गवत करपून गेलं होतं, तरी हा आपला यंत्र घेऊन धूळ कापत होता. अर्डिथ त्याला लिंबाचं सरबत देते, ते तो पायरीवर उभ्यानेच पितो, ग्लास कठड्यावर ठेवतो, 'येतो अर्डिथबाई' म्हणतो आणि जातो. दोघं एका शाळेत होते, एका बाकावर बसून मार खाल्लाय, आणि सहा वर्षं हे 'अर्डिथबाई' चाललंय. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "रिकाम्या हाताने बाईमाणसाला काय विचारायचं, डेल्मर? हातात काहीतरी हवं." हे काहीतरी म्हणजे त्या स्पर्धेची ढाल. यंदा जिंकलो तर त्याच संध्याकाळी, मासे तळायच्या कार्यक्रमात, अर्डिथला विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं. नाही जिंकलो तर पुढच्या वर्षी. आमचा सातवा नंबर लक्षात घेता, अर्डिथ नव्वदीत जाईपर्यंत गवत कापलं जाणार हे मला दिसत होतं.

मला वाईट वाटत होतं, ताई. वेल्डनसाठी थोडं, आणि अर्डिथसाठी जास्त. रविवारी चर्चमधून आल्यावर ती एकटीच जेवते आणि रेडिओ मोठा लावते, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं घरात कुणी आहे. मी मध्ये पडलो नाही. मी तसाही कुठे पडतो?

स्पर्धेच्या दिवशी पहाटे आम्ही होडी पाण्यात सोडत होतो (माझी जुनी पत्र्याचीच, नव्या होड्या आता मोटारीपेक्षा महाग झाल्यात), तेवढ्यात अर्डिथ आली. घरच्या चपला, अंगावर फ्लॉइडचा कोट. कापडाखाली झाकलेलं काहीतरी तिने वेल्डनच्या हातात दिलं, म्हणाली, "दुपारी खा. दोघांना पुरेल," आणि मागे न बघता गेली. वेल्डन दोन्ही हात पुढे करून तसाच उभा राहिला. ते त्याने मांडीवर घेतलं, आणि मोटार चालू करून तळ्याच्या मध्यापर्यंत आम्ही गेलो तरी मांडीवरच होतं. मग त्याने कापड उचललं.

केळ्याचं पुडिंग, ताई. आईच्या निळ्या काठाच्या भांड्यात.

ते भांडं कोणतं हे मी तुला सांगायला नको. आईमागे वाटणी झाली तेव्हा घड्याळ तुझ्याकडे, गोधडी तुझ्याकडे आणि भांडं अर्डिथकडे गेलं, आणि त्यावर तुम्हा दोघींत जे बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, कारण मी तेव्हा मुद्दाम कोठीत जाऊन बसलो होतो. सांगायचं एवढंच, की अर्डिथने ते भांडं आजवर घराच्या उंबऱ्याबाहेर नेलं नव्हतं. यावरून तू काय तो अंदाज कर. वेल्डनने अंदाज केला नाही. तो पांढराफटक पडला.

बोटीत केळं. ताई, तू तळ्याकाठी वाढलीस, तुला माहीत आहे. होडीत माणूस शिट्टी वाजवेल, शिव्या देईल, प्रसंगी दारू पिईल, पण केळं आणणार नाही. केळं आलं की मासे गेले. का, ते कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्यामुळेच कुणी हटत नाही. एकाने केळ्याच्या चित्राची टोपी घातली होती तर त्याला धक्क्यावरूनच परत पाठवलं होतं. मी स्वतः या असल्या गोष्टी मानत नाही. (मी आणतही नाही, पण ते लोरीन केळी घेत नाही म्हणून.)

"टाक," वेल्डन म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, अर्डिथने केलंय."

"म्हणूनच माझ्याच्याने होत नाही. तू टाक. भांड्यासकट."

"भांडं कशाला?"

"वास लागला ना त्याला! अख्खं टाक, डेल्मर. आज नाही जिंकलो तर मी तिला कधीच विचारणार नाही, मी ओळखतो मला."

त्याने भांडं माझ्याकडे सरकवलं, पुढच्या फळीवर तोंड फिरवून बसला, टोपी डोळ्यांवर ओढली, वर तळहात धरले. मग माझ्या बाजूला पाण्यात धप्पकन आवाज झाला. चांगला मोठा आवाज झाला. लाटा होडीला लागून शांत होईपर्यंत वेल्डन हलला नाही. शेवटी तेवढं म्हणाला, "भरपूर केलं होतं बिचारीने."

त्यानंतर दोन-तीन तास आमच्या गळाला काहीही लागलं नाही. वेल्डन पुढे उभा राहून प्लॅस्टिकची गांडुळं फेकत होता आणि अधूनमधून नाक वर करून म्हणत होता, "मला अजून वास येतोय." मी म्हटलं, मनाचे खेळ. एकदा त्याने मागे न बघताच विचारलं, "तू लाइफ जॅकेट का नाही घातलंस?" मी म्हटलं, उकडतंय. ते माझ्या पायाशी नीट पसरून ठेवलेलं होतं. दहाच्या सुमाराला त्याने सँडविच काढलं आणि अर्धं मला देऊ केलं. मला त्या दिवशी भूक अशी लागलीच नाही. वेल्डनला ते फार लागलं. त्याला वाटलं, मी अर्डिथच्या दुःखात आहे.

मग आम्ही जुन्या बुडालेल्या पुलापाशी गेलो. तिथे दरवर्षी मासे असतात, निदान इतरांना तरी मिळतात. तिथे होडी धरून ठेवायला म्हणून मी नांगर टाकायला गेलो (आमचा नांगर म्हणजे सिमेंट भरलेला कॉफीचा डबा, तूच ॲरिझोनाला जाताना रिकामा करून दिला होतास तो), तर दोरीच्या टोकाला नांगरच नाही. वेल्डनने दोरी हातात घेतली, टोक पाहिलं, आणि आभाळाकडे बघून म्हणाला, "जाता जाता नांगरही घेऊन गेलं ते केळं." मी दोरी गुंडाळायला घेतली. गाठ त्यानेच मारलेली होती, म्हणून तो आणखी खचला.

नांगर नाही आणि वारा सुटलेला. होडी पुलापासून जी निघाली ती कडेकडेने, स्वतःच्या मर्जीने, पार पूर्वेकडच्या त्या चिखलाच्या खाडीत. तिथे कधी कुणी जात नाही, कारण तिथे मासे नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. हे आम्हाला माहीत होतं, पण माशांना माहीत नव्हतं. पडलेल्या झाडाच्या फांद्यांत वेल्डनने पहिला गळ टाकला आणि दांडी अशी वाकली की मला वाटलं, झाडच लागलं. तास-दीड तासात पाच मासे. मग त्यांतले दोन बारके सोडून त्यांच्याहून मोठे दोन. एकाचं तोंड एवढं, की त्यात माझी मूठ घड्याळासकट गेली असती. वेल्डनचं आपलं एकच चाललं होतं: मासा टाकीत सोडायचा, टाकीच्या झाकणावर हात ठेवायचा, पुन्हा गळ टाकायचा. परत येताना तो झाकणावर बसून आला, जणू मासे विचार बदलून निघून जातील.

धक्क्यावर वजन झालं. आम्ही पहिले. बकनर बंधू दुसरे. (ते गेली चार वर्षं पहिले येतात आणि ढाल देताना 'अहो, असू दे' असा चेहरा करतात.) टाळ्या झाल्या, कुणीतरी माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की मला ढेकर आला. मी तोंडावर हात धरला. अर्डिथ मासे तळायच्या टेबलामागे कोबीची कोशिंबीर वाढत होती. तिने डाव हातात धरूनच पाहिलं आणि हसली. वेल्डनने टोपी सरळ केली, तिच्या दिशेने तीन पावलं टाकली, आणि तेवढ्यात पर्व्हिस गँटने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "क्रॅडक, यंत्रावर चल."

हे यंत्र तू गेल्यावर आलं. खालच्या काउंटीत कुणीतरी माशांच्या पोटात शिशाच्या गोळ्या भरून वजन वाढवलं होतं, तेव्हापासून आमच्याकडे जिंकणाऱ्या जोडीतल्या एकाला खोटं पकडायच्या यंत्रावर बसवतात. पर्व्हिस पूर्वी पोलिसांत होता आणि यंत्र त्याच्या स्वतःच्या मालकीचं आहे. (त्याची बायको सांगते, घरात ते काढलं की ती माहेरी जाते.) गांडुळं विकायच्या दुकानामागच्या खोलीत हा विधी होतो. जोडीदाराने दाराशी साक्षीला उभं राहायचं. खोलीला भिंत म्हणून प्लायवूडचा पातळ तुकडा आहे, आणि त्याच्या पलीकडे बरोबर तळायच्या टेबलाची पिछाडी येते. नाणं उडवलं तर वेल्डनचं नाव आलं. मला त्या क्षणी देवाची आठवण झाली, मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

वेल्डनच्या बोटांना वायरी लावल्या, छातीला पट्टा बांधला. पर्व्हिसने विचारायला सुरुवात केली. नाव वेल्डन क्रॅडक? हो. मासे तुम्ही दोघांनीच पकडले? हो. माशांच्या पोटात काही घातलं? नाही. सुई आपली शहाण्यासारखी सरळ चालली होती. मग पर्व्हिसने त्याचा नेहमीचा शेवटचा प्रश्न टाकला. "आज तळ्यावर तुम्ही असं काही केलंत का, जे इथल्या कुणालाही कळू नये असं तुम्हाला वाटतं?"

वेल्डन म्हणाला, "नाही."

सुई कागदावरून उडाली, ताई. पर्व्हिसने चष्मा पुसला आणि आणखी दोनदा विचारलं. पुन्हा 'नाही', आणि पुन्हा तेच. वेल्डनच्या कपाळावर घाम, आणि कान असे लाल की खोलीत दिवा नसता तरी चाललं असतं. पर्व्हिस हळूच म्हणाला, "वेल्डन, काय ते सांगून टाक. नियमात असेल तर मी लिहून घेतो आणि पुन्हा विचारतो. नाही सांगितलंस तर मला तुम्हाला बाद करावं लागेल."

वेल्डनने त्या प्लायवूडच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे कढईत मासे तडतडत होते. तो म्हणाला, "मग बाद कर."

सव्वीस वर्षं, आणि तो 'बाद कर' म्हणाला. हे पचवणं मला जड गेलं. (पोटात त्या दिवशी तसंही जागा नव्हती.) बाहेर बातमी आमच्याआधी पोहोचली होती. थोरला बकनर मोठ्याने म्हणाला, "मला तेव्हाच शंका आली होती. चिखलाच्या खाडीत मासे? म्हशी म्हणाले असते तर मानलं असतं." कुणीतरी शिशाचं नाव काढलं. ज्यांनी माझ्या पाठीत थाप मारली होती ते आता तोच हात खिशात घालून उभे होते. मी दारात उभा राहून विचार करत होतो, की आपण आता पुढे होऊन काही बोलावं का. विचार चालूच होता, एवढ्यात मला बाजूला सारून अर्डिथ आत आली. हातात डाव, डावातून कोशिंबीर गळतेय.

"पर्व्हिस," ती म्हणाली, "हा माणूस गवत नसताना गवत कापतो आणि पैसे दिले तर टपालाच्या पेटीत परत ठेवून जातो. हा लबाडी करणार? पुन्हा विचार."

"तीनदा विचारलं, अर्डिथ."

"चौथ्यांदा विचार. मी उभी आहे इथे."

वेल्डनने तिच्याकडे पाहिलं. तो उठायला गेला, पण वायरींनी त्याला परत खाली बसवलं. मग बसल्या बसल्याच त्याने टोपी काढली, आणि बघ, ताई, मी माणसं बुडताना पाहिलीत, पण असा चेहरा पाहिला नाही.

"अर्डिथबाई," तो म्हणाला, "तुमचं पुडिंग मी तळ्यात टाकलं. खाल्लं नाही. एक घासही नाही. बोटीत केळं नको म्हणून. आणि भांडंही टाकायला लावलं. तुमच्या आईचं होतं हे मला माहीत होतं. मला जिंकायचं होतं."

सुई तळ्यासारखी सपाट. पर्व्हिसने यंत्राकडे बोट केलं आणि म्हणाला, "खरं बोलतोय." जणू कुणाला शंका होती.

पलीकडे कढई तडतडतच होती. अर्डिथने डाव पर्व्हिसच्या टेबलावर, थेट त्याच्या कागदांवर ठेवला. मला वाटलं, आता ती घरी जाणार. ती खुर्ची ओढून वेल्डनसमोर बसली.

"फ्लॉइडला या स्पर्धेला जाताना मी हेच पुडिंग बावीस वर्षं दिलं," ती म्हणाली. "आईमागे मी ते फक्त याच दिवसाला करते. दर वर्षी रिकामा डबा घरी यायचा आणि फ्लॉइड म्हणायचा, वा, काय झालं होतं, चाटून पुसून खाल्लं. एका वर्षी माझ्या हातून साखरेच्या जागी मीठ पडलं. संध्याकाळी लक्षात आलं, मी दारात रडवेली होऊन उभी. आणि फ्लॉइड येऊन म्हणाला, याच्याइतकं छान तू आजवर कधी केलंच नव्हतंस."

कुणी हसलं नाही. थोरला बकनर हसायला गेला होता, पण त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. (बकनरला घरून दर वर्षी काय देतात, कोण जाणे. आई आपल्या वडिलांना हेच बांधून द्यायची, मला आता त्यांचाही संशय येतो.)

"केळ्याचं मला माहीत होतं, वेल्डन. मला फक्त बघायचं होतं, संध्याकाळी तू येऊन काय सांगतोस." मग तिने हात पुसले. "आईच्या भांड्यापुरती मला आशा होती की ते परत येईल. फ्लॉइडने डबा तरी घरी आणला असता."

"मी उद्या बुडी मारून शोधतो," वेल्डन म्हणाला. त्याला पोहता येत नाही.

"काही नको. तू रविवारी जेवायला ये. आत ये. पायरीवर नाही."

पर्व्हिसने मग त्याला शेवटचा प्रश्न पुन्हा विचारला, पुडिंग सोडून आणखी काही आहे का म्हणून, आणि वेल्डनने 'नाही' म्हटलं, आणि सुई सरळ राहिली, आणि आम्ही जिंकलो. पर्व्हिस मला म्हणाला, "तुलाही बसवू का एकदा? गंमत म्हणून?" मी म्हटलं, लोरीन वाट बघतेय. ढाल वेल्डनच्या घरी आहे. सकाळी तो तिच्यावरून हात फिरवतो आणि मगच गांडुळं बाहेर काढतो. ज्यासाठी ढाल हवी होती ते त्याला ढालीशिवायच मिळालं, हे त्याच्या अजून ध्यानात आलेलं नाही, आणि मी आणून देणार नाही.

त्या रविवारी तो आत जाऊन जेवला. पुढच्याही. परवा मी अर्डिथकडे शिडी मागायला गेलो तर रेडिओ बंद होता आणि आतून दोघांच्या भांडणाचा आवाज येत होता, भेंडी तळावी की उकडावी यावरून. मी शिडी न मागताच परत आलो. मला फार बरं वाटलं, ताई. हे मी तुलाच सांगतोय, लोरीनला सांगू नकोस, ती लगेच शेजारी सांगेल की डेल्मर हळवा झाला.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्यांना जप. निवडुंगाला माझा आशीर्वाद.

तुझा भाऊ,
डेल्मर

ता. क. — अर्डिथ आणि वेल्डनचं ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी चर्चमध्ये लग्न आहे. फोन कर असं तिला मी दोनदा सांगितलं, पण ती म्हणते, ताईने वेल्डनबद्दल मागे जे म्हटलंय त्यानंतर मी कशी करू. तू म्हणाली होतीस, फ्रिजमध्ये गांडुळं ठेवणाऱ्याला आपल्या घरात खुर्ची देऊ नये. तेव्हा तूच फोन कर. गांडुळं त्याने आता गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रिजमध्ये हलवली आहेत.

आणखी एक ता. क. — भांडं बुडालेलं नाही. बुडाला तो कॉफीचा डबा. वेल्डनने डोळ्यांवर हात धरले होते, आणि आईचं भांडं तळ्यात टाकायला माझा हात उचलेना, म्हणून मी दोरी सोडून नांगर टाकला. भांडं दिवसभर माझ्या पायाशी लाइफ जॅकेटखाली होतं. म्हणजे केळं बोटीतच होतं, आणि ते असताना आम्ही जिंकलो. हे वेल्डनला कळलं तर तो ढाल परत करेल आणि माझी पाठवणी कॉफीच्या डब्याकडे करेल. तेव्हा भांडं सध्या माझ्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे आहे. ऑक्टोबरमध्ये तू आलीस, तर जाताना ते वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्या गाडीच्या डिकीत ठेवीन आणि तोंडातून ब्र काढणार नाही. नाही आलीस, तर मला ते नाइलाजाने तळ्याकाठी 'सापडेल' आणि अर्डिथला द्यावं लागेल. मला यात कुणाची बाजू घ्यायची नाही, हे मी सुरुवातीलाच म्हटलं आहे.

शेवटचं — तू विचारशील म्हणून: पुडिंग मी खाल्लं. सगळं. चमचा नव्हता. ताई, ते थेट आईच्या हातचं झालं होतं, वरच्या भाजलेल्या थरापर्यंत. मी वेल्डनच्या पाठीमागे बसून खाल्लं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं साखरेमुळे नव्हतं. तळ्यावर नेऊन ते पुडिंग माझ्याआधी कुणी खाल्लेलंच नाही. फ्लॉइडने खोटं सांगितलं, वेल्डनने चाखलं नाही, आणि मी खरं सांगायला गेलो तर ती विचारेल, तू कधी खाल्लंस. लग्नाच्या जेवणाला ती ते स्वतः करणार आहे. म्हणून तू ये. पहिला घास घे आणि सगळ्यांसमोर तिला तेवढं सांग.